लिहिणारा हात

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज दुपारी तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवसापर्यंत उपवासवाल्या बायकांचे चेहरे उतरलेले असतात, कुणी भिंतीला टेकलेली असते, कुणाची जपमाळ नुसतीच बोटांत फिरत असते, आणि नेमका तेव्हाच व्रतांचा अध्याय येतो. अहिंसा, सत्य, अचौर्य आणि पुढची व्रतं. त्या प्रत्येकाचे पाच-पाच अतिचार. व्रत मोडलं तर नाही, पण त्याला डाग लागला, असे ते दोष.

मागच्या वर्षी वाचन चाललं असताना एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, कूटलेखक्रिया म्हणजे काय हो?" वाचणाऱ्या ताईंनी सांगितलं, "खोटा कागद करणं. लिहिलेलं एक आणि झालेलं एक." लगेच मागून एकजण म्हणाली, "ते पुरुषांचं गं. आपण कुठं कागद लिहितो? आपण लिहिली तर वाण्याची यादी!" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी एक कागद लिहिलेला आहे. तो सांगायचाच आहे, पण त्याआधी एका परक्या माणसाचा सांगते, कारण त्याचा वाचला नसता तर मला माझा आठवलाही नसता.

बी. ए.ला इंग्रजी विषय असताना आम्हाला चार्ल्स लँबचे निबंध होते. त्यात क्वेकर लोकांच्या प्रार्थनासभेवरचा एक निबंध आहे. त्यात लँब वाचकाला जॉन वुलमन नावाच्या माणसाचं लिखाण तोंडपाठ करायला सांगतो. हा कोण वुलमन, असं आमच्या वर्गात कुणी विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. पेपरात येणार नव्हता ना! पुढे तीसएक वर्षांनी मुलीने तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून वुलमनची रोजनिशी आणून दिली. लहानसं पुस्तक आहे. पण मला ते वाचायला दोन महिने लागले. पानापानावर थांबावं लागायचं.

क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्याकडे पाद्री नाही, वेदी नाही, गाणं-बजावणं नाही. सगळ्यांनी एका खोलीत गप्प बसायचं. आतून काही उमटलं तर उठून बोलायचं, नाहीतर गप्पच उठून घरी जायचं. बाईलाही बोलायचा हक्क, आणि तो त्या काळात! आपल्या सामायिकाशी याचं नातं मला लगेच जाणवलं. हे लोक युद्धाला जात नसत, शपथ घेत नसत, कुणा सरदारासमोर टोपी काढत नसत, कारण प्रत्येक माणसात ईश्वराचा प्रकाश सारखाच आहे, ही त्यांची श्रद्धा.

आणि एवढं मानणारे हे लोक अमेरिकेत गेले, फिलाडेल्फियात धंद्याला लागले, श्रीमंत झाले आणि गुलाम बाळगू लागले.

मैत्रिणींनो, इथे 'ढोंगी कुठले' असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मीही आधी तसंच म्हटलं. पण ते ढोंगी नव्हते. साधे कपडे घालायचे, दारूच्या गुत्त्यात जायचे नाहीत, शब्दाला पक्के होते. त्यांची सगळी शुद्धता खरी होती. फक्त ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत होती. 1688 साली जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी एक निषेधपत्र लिहिलं, की माणसं विकत घेणं आपल्या धर्मात बसत नाही. ते पत्र खालच्या सभेने वरच्या सभेकडे पाठवलं आणि वरच्या सभेने हा विषय फार मोठा आहे म्हणून बाजूला ठेवलं. कुणी रागावलं नाही, कुणी खोडूनही काढलं नाही. नुसतं बाजूला ठेवलं. आपल्या सभांमध्ये 'विषय पुढच्या बैठकीत घेऊ' म्हणतात ना, तसं.

वुलमनचा जन्म 1720 सालचा, न्यू जर्सीतल्या शेतकरी घरातला. लहानपणची एक गोष्ट त्याने लिहिली आहे. घरट्याजवळ बसलेल्या पक्षिणीला त्याने गंमत म्हणून दगड मारले. एक लागला, ती मेली. आधी मजा वाटली, मग तो हादरला. आता पिल्लं उपाशी तडफडून मरणार. शेवटी त्याने झाडावर चढून पिल्लंही मारली. ही गोष्ट वाचताना मला वाटलं, हा माणूस आपल्याकडे जन्मला असता तर मुनीच झाला असता. नंतर वाटलं, बरं झालं नाही जन्मला. मुनी झाला असता तर जग सोडून गेला असता. तिथे तो जगात राहिला आणि जगाला त्याचा त्रास झाला.

तर तो कागद. वुलमन तरुण होता, एका दुकानात हिशेब लिहायचा. मालकाच्या घरी एक आफ्रिकी गुलाम बाई होती. मालकाने तिला विकली आणि वुलमनला सांगितलं, विक्रीचा कागद कर. घेणारा समोर उभा होता, वयस्कर आणि वुलमनच्याच पंथाचा. वुलमन गडबडला. नोकरी वर्षाच्या कराराची, मालकाचा हुकूम, घेणारा भला माणूस. त्याने कागद लिहिला. पण लिहिता लिहिता त्याचं मन इतकं कष्टी झालं, की मालक आणि तो म्हातारा यांच्या समोरच तो बोलून गेला, माणसं गुलाम ठेवणं हे आपल्या धर्माला धरून नाही असं मला वाटतं.

बस्स, एवढंच. कागद झालाच, बाई विकली गेलीच. रोजनिशीत तिचं नावसुद्धा नाही. पण पुढे दुसऱ्या एकाने तसाच कागद करायला सांगितला तेव्हा त्याने नाही म्हटलं.

आता माझा कागद.

माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मामंजींची धान्याची आडत. घरात कंदमूळ नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि उरलेली जिवाणी जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायची. मामंजी कुणाला मोठ्याने बोलले असं मी ऐकलं नाही. एका दिवशी दिवाणजी आले नव्हते. एक बाई पैसे उसने घ्यायला आली. जवळच्या खेड्यातून भाजी आणून बेळगावात विकायची. मामंजींनी मला हाक मारली, "तुझं अक्षर चांगलं आहे, एवढी चिठ्ठी लिही." मला केवढा आनंद झाला! शिकलेल्या सुनेचा काहीतरी उपयोग झाला म्हणून. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. रुपये एक हजार रोख मिळाले. मग त्यांनी पेटीतून पैसे मोजून दिले, ते आठशे. व्याज आधीच कापून घेतलेलं. आणि पुढचं व्याज हजारावर.

ती बाई निरक्षर. तिने अंगठा उठवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मामंजींकडे नाही, माझ्याकडे. "वैनी, किती लिवलंसा?" मी म्हटलं, "हजार." ती हातातल्या नोटांकडे बघून "बरं" म्हणाली आणि अंगठा उठवला. मी शाईची डबी बंद केली आणि आत गेले. संध्याकाळ होत आली होती, स्वयंपाक आटपायचा होता.

कुणाचं काही बिघडलं नाही. तिने पैसे फेडले, चिठ्ठी फाडली. सगळ्या बाजारात हीच रीत होती, आजही कुठे कुठे आहे. पण वुलमन वाचताना मला पहिल्यांदा कळलं, की आम्ही दोघांनीही लिहिला. हात दोघांचाही चालला. फरक एवढाच, की त्याने लिहिताना तोंड उघडलं. मी तीस वर्षांनीही उघडलं नव्हतं.

श्रद्धेने माणूस सुधारक होतो, असं भाषणात म्हणायची पद्धत आहे. ते पुरतं खरं नाही. श्रद्धा त्या गुलाम बाळगणाऱ्यांकडेही होती. वुलमन 1757 साली दक्षिणेकडच्या वसाहतींत हिंडत होता तेव्हा त्याच्याच पंथाच्या एकाने बायबलचा दाखला दिला. हे काळे लोक केनचे वंशज, त्यांचा रंग ही देवाने केलेली खूण. वुलमनने शांतपणे सांगितलं, की त्याच बायबलात जलप्रलय आहे, त्यात नोहाचं घराणं सोडून सगळे बुडाले, आणि नोहा काही केनच्या वंशाचा नव्हता. म्हणजे केनचे वंशज उरलेच नाहीत. मला ते वाचून हसू आलं आणि लगेच थांबलं. आपल्याकडे केन नाही, पण कर्म आहे. 'तिच्या कर्माचा उदय, आपण काय करणार?' हे वाक्य मी किती घरांत, किती जणींच्या तोंडून ऐकलं आहे! मोलकरणीचा पगार वाढवायचा असतो तेव्हा, विधवा जावेचा हिस्सा द्यायचा असतो तेव्हा. कर्मसिद्धांत आपण स्वतःला तपासण्यासाठी आहे. दुसरीच्या ताटातलं कमी करण्यासाठी तो कुणी सांगितला?

मग वुलमनची श्रद्धा वेगळी कुठे होती? माझ्या मते एकाच ठिकाणी. वस्तू घरात आली की बाकीचे तिच्याकडे बघायचे. हा ती कुठून आली तिकडे बघायचा. साखर गोड आहे, शुद्ध आहे, पण वेस्ट इंडीजमध्ये ती गुलामांनी पिकवली. म्हणून त्याने सोडली. कधीकाळी आपल्या दुकानात आपणच ती साखर, काकवी, रम विकली, याचं त्याला आयुष्यभर दुःख राहिलं. बळाने घेतलेल्या श्रमाचा माल म्हणजे लुटीचा माल, आणि तो जाणूनबुजून घेणारा लुटीत सामील, असं त्याचं म्हणणं. हे आपल्या सूत्रात नाही का? अचौर्याच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं स्पष्ट सांगितलं आहे. आपण त्याचा अर्थ रस्त्यावर स्वस्तात मिळणारं घड्याळ घेऊ नये, एवढाच लावतो.

इंग्लंडला गेला तेव्हा तो तिथल्या टपालगाड्यांत बसला नाही. वेळ गाठायची म्हणून घोडे मरेस्तोवर पळवायचे आणि थंडीच्या रात्री गाडीवरची पोरं गारठून जायची. त्या टपालाने तो पत्रंही पाठवेना. चालत गेला. ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं हा अहिंसेचा अतिचार, आमच्या सातव्या अध्यायातला. अमेरिकेतल्या शिंप्याने तो कधी वाचला असेल? पण पाळला मात्र आपल्यापेक्षा कडक.

कपड्यांचंही तसंच. रंगवलेलं कापड तो घालेना. रंगाने मळ झाकतो, कपडा स्वच्छ होत नाही, असं त्याचं म्हणणं. टोपीसुद्धा बिनरंगाची. लोक हसायचे, काहींना वाटायचं स्वतःला वेगळं दाखवायला करतो. त्यालाही ते जड जायचं. इथे मला आमची मोठी आत्याबाई आठवते. तिने रेशीम सोडलं तेव्हा घरात केवढं वादळ! एका साडीमागे हजारो किडे उकळत्या पाण्यात जातात, हे तिने कुणाकडून तरी ऐकलं आणि पुतणीच्या लग्नात सुती इरकल नेसून उभी राहिली. लोक म्हणाले, एवढी ऐपत असून शोभतं का? ज्या घरात मुंगी मरू नये म्हणून दिवा झाकतात, त्याच घरात तिला विक्षिप्त ठरवलं. आणि मी तेव्हा रेशमातच मिरवत होते, तेही सांगून टाकते.

वुलमनच्या आधी त्याच पंथात बेंजामिन ले नावाचा एक होता. जेमतेम चार फुटांचा, पाठीला कुबड, मांस न खाणारा, स्वतःचं कापड स्वतः विणणारा. 1738 साली तो सभेत पोकळ पुस्तक घेऊन गेला. त्यात लाल रसाने भरलेली पिशवी लपवलेली होती. तुम्ही गुलामांचं रक्त सांडता म्हणत त्याने त्यात तलवार खुपसली आणि सभेवर लाल रस उडवला. पंथाने त्याला बाहेर काढलं. काहीजण म्हणतात वुलमनचा मार्ग खरा, लेचा आक्रस्ताळा. मला तसं म्हणवत नाही. लेने आधी झोप मोडली म्हणून वुलमनचं हळू बोलणं ऐकू गेलं असेल. घरात एखादी ओरडणारी नणंद असली की मग समजूतदार सुनेचं कौतुक होतं, तसं आहे हे.

वुलमन मात्र ओरडला नाही. धंदा फार वाढायला लागला म्हणून त्याने दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांना दुसरीकडे जायला सांगितलं आणि शिवणकाम नि फळबागेवर भागवलं. (त्याची बायको सारा हिला काय वाटलं असेल? रोजनिशीत त्यांच्या लग्नाला जेमतेम एक वाक्य आहे. साखर नाही, दुकान नाही, नवरा महिनोन् महिने बाहेर. या माणसाचं मोठेपण कुणीतरी घरात चूल पेटती ठेवून सांभाळलं, हे कुठल्याच चरित्रात पुरेसं येत नाही.) गुलाम असलेल्या घरी पाहुणा म्हणून उतरला की निघताना त्या गुलामांच्या कामाचे पैसे ठेवायचा. यजमान खजील व्हायचे. एका शेजाऱ्याचं मृत्युपत्र लिहायला गेला, तर सगळं लिहून गुलाम मुलीचं कलम तेवढं सोडलं आणि म्हणाला, हे माझ्याने लिहवणार नाही. दोघं बसून बोलले. शेवटी शेजाऱ्याने तिला मुक्त करायचं कबूल केलं. मग त्याने कागद पुरा केला.

1758 साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या सभेत हा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा पुढे ढकलायची तयारी झाली. वुलमन बराच वेळ गप्प होता, मग उठला. त्या सभेने ठरवलं, की जे माणसांची खरेदी-विक्री करतील त्यांना पंथाच्या कारभारात जागा नाही, आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जाऊन बोलायचं. बोलायला जाणाऱ्यांत वुलमन होता. म्हातारा ले तेव्हा अंथरुणाला खिळलेला. ही बातमी ऐकून तो म्हणाला म्हणतात, की आता मी सुखाने मरेन. दुसऱ्याच वर्षी तो गेला. गुलाम ठेवणाऱ्याला पंथातच जागा नाही, हे व्हायला 1776 साल उजाडलं. वुलमन त्याआधी चार वर्षं, 1772च्या ऑक्टोबरात, यॉर्कला देवीच्या रोगाने वारला होता. पुढे 1787 साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करायला बाराजणांची समिती झाली, त्यातले नऊ क्वेकर होते. कायदा 1807ला झाला. एका पंथाने आधी स्वतःचं घर झाडलं, मग त्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलायचं तोंड राहिलं.

आपल्याकडे हे झालं नाही असं नाही. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले म्हणून त्यांना आंघोळ करून आत या असं सांगण्यात आलं. त्यांनी आंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं. त्यांनी 1919ला रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. लक्ष्मीबाईंचं बालपण सोवळ्यातलं. त्यांनी त्या मुलांना रांधून घातलं, आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मला या बाईचं फार वाटतं. त्यांनी धर्म सोडला नाही. पाणी गाळतच असतील. फक्त गाळलेलं पाणी कुणाला द्यायचं, याचा विचार त्यांनी पुढे नेला.

म्हणून, धर्म सोडल्याशिवाय सुधारणा होत नाही असं आमची मुलं म्हणतात तेव्हा मला पटत नाही. आणि आमच्या मंडळात 'आपला धर्म मुळातच अहिंसेचा, आपल्याला सुधारणा कशाला' असं म्हणतात तेव्हा तर मुळीच पटत नाही. वुलमनने नवा नियम एकही काढला नाही. जुनेच नियम त्याने उंबऱ्याबाहेर नेले. ते नेताना त्याला भीती वाटत होती, लाज वाटत होती, रात्र-रात्र झोप येत नव्हती, हे त्याने लिहून ठेवलं आहे. श्रद्धा असली की माणूस निर्भय होतो म्हणतात. मला ते दिसलं नाही. भीतीपेक्षा ते न बोललेलं जास्त टोचत राहतं, एवढंच दिसलं.

यंदा सातव्या अध्यायाच्या दिवशी मी मंडळात माझा कागद सांगितला. सांगताना घसा कोरडा पडला, आणि उपवास असल्याने पाणीही पिता येईना. कुणी काही बोललं नाही. उठताना एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या दुकानात दोन मापं होती गं. घ्यायचं एक, द्यायचं एक. मी रोज पुसून ठेवायची." एवढं बोलून त्या चपला शोधायला लागल्या.

हा लेख मी आधी घरात वाचायला दिला. यजमानांनी चष्मा काढून विचारलं, "बाबांचं हे कशाला? ते गेले, ती बाईही असेल नसेल." मी म्हटलं, बाबांचं नाही लिहिलं, माझ्या हाताचं लिहिलं आहे. ते बराच वेळ कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठशे नव्हते. साडेसातशे दिले होते. मी दुकानात होतो."

मी पेन घेऊन आकडा बदलायला बसले. मग तो तसाच ठेवला आणि हे खाली लिहिलं. दिवस मावळायला अर्धा तास होता, पानं वाढायची होती.